काशाचा ग्रीक दागिना कसा वाचावा

सोलापुरात मधल्या मारुतीच्या आसपास आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान होते. तेथे लहानपणी मी पहिली गोष्ट शिकलो ती ही, की भांड्याला दोन किमती असतात : एक घडणावळीसह विक्रीची आणि दुसरी मोडीची. गिऱ्हाईक जुना हंडा घेऊन आले की वडील तो आधी तराजूत ठेवत, मग बोटाच्या पेराने वाजवून पाहत आणि त्यानंतरच बोलत. पुढे प्राचीन ग्रीसच्या इतिहासाची गोडी लागली आणि संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर काशाच्या टाचण्या, आकडे, कडी आणि अंगठ्या पाहू लागलो, तेव्हा जाणवले की या वस्तूंकडे बहुतेक जण सराफाच्या पेढीवर बसल्यासारखे पाहतात. सोने श्रीमंताचे, कासे बेताच्या स्थितीतल्याचे आणि लोखंड गरिबाचे, अशी उतरंड मनात धरली की विचार करण्याची गरज उरत नाही. इ.स.पू. ११०० ते ६०० या काळासाठी मात्र ही उतरंड पुष्कळदा फसवते. त्या काळातला एखादा काशाचा दागिना प्रतिष्ठेचा होता की नाही हे ठरवायचे, तर किती वजनाचा धातू रोजच्या वापरातून काढून अंगावर चढवला, तो किती नगांत, कोणत्या कपड्यावर, आणि अखेरीस तो कोठे ठेवला गेला, हे विचारावे लागते. हे प्रश्न घरबसल्या कसे विचारावेत, ते येथे सांगतो. साहित्य फारसे लागत नाही : एक सोलापुरी चादर, दोन दाभणे, काही सेफ्टी पिना, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि काशाची एखादी वाटी.

आधी हिरवा रंग डोळ्यांवरून उतरवावा

संग्रहालयातला काशाचा दागिना हिरवा, काळपट किंवा मातकट दिसतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात तो नकळत हलका ठरतो. म्हणून पहिले काम वाटीपासून सुरू करावे. तळपायाला तूप चोळण्यासाठी घरोघरी असते ती काशाची वाटी चिंचेने घासून खिडकीजवळ उन्हात धरावी. जो फिकट सोनेरी रंग दिसेल, त्यात थोडी तांबूस झाक मिसळली की ग्रीक टाचणीचा मूळ रंग मिळतो. झाक मिसळायची ती अशासाठी, की आपल्या काशात तांबे ७८ आणि कथील २२ भाग असे प्रमाण परंपरेने धरतात, तर ग्रीकांच्या दागिन्यांच्या काशात कथील साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असे. कथील जास्त झाले की धातू फिका, कडक आणि नादमधुर होतो. म्हणूनच आपले टाळ आणि घंटा तसल्या काशाच्या असतात. कथील कमी असले की धातू ठोकून तार ओढता येते आणि तारेला पीळ देता येतो. ग्रीक सोनाराला, खरे तर ग्रीक तांबटाला, दुसऱ्या प्रकारचे कासे हवे होते.

हा हिरवा थर शेकडो वर्षे जमिनीत राहिल्यामुळे चढलेला असतो आणि तो वस्तूचाच भाग होऊन बसतो. वाटी घासावी, जुनी वस्तू कधीही घासू नये. हे मी अनुभवाने सांगतो. आठवीत असताना आजीच्या डब्यातली एक शिवराई मी चिंच आणि मीठ लावून अर्धा तास घासली होती. नाणे लखलखीत झाले, पण त्यावरची अक्षरे अंगठ्याखाली लागेनाशी झाली. आजी काही बोलली नाही, वडील मात्र आठवडाभर मला "कल्हईवाला" म्हणत होते. कोठल्याही जुन्या तांब्या-काशाच्या वस्तूवर फिकट हिरवी, पिठासारखी पूड सुटत असेल तर ती क्षारांमुळे आतून चालू असलेली झीज असते. अशी वस्तू कोरड्या जागी ठेवून जाणकाराला दाखवावी आणि हात आवरावा.

चादर नेसून पाहावी

ग्रीक टाचणी काचेच्या कपाटात आडवी ठेवलेली पाहिली तर ती दागिना वाटत नाही. ती पोते शिवण्याच्या दाभणासारखी दिसते. तिचे मोल कळण्यासाठी तिचे काम कळले पाहिजे, आणि ते कळण्यासाठी सोलापूरकराइतका सोयीचा माणूस दुसरा नाही, कारण त्याच्या घरी जाड चादर असतेच.

ग्रीक स्त्रीचे जुने वस्त्र पेप्लॉस म्हणजे लोकरीचा एक अखंड आयताकृती कपडा. त्यात शिवण जवळजवळ नसे. साधारण ६० बाय ९० इंचांची सोलापुरी चादर घ्यावी. ९० इंचांची बाजू अंगाभोवती आडवी येईल असे पाहून वरची वीतभर किनार बाहेरच्या अंगाला दुमडावी. मग चादर काखेखालून अंगाभोवती लपेटून, मागचा आणि पुढचा काठ दोन्ही खांद्यांवर ओढून घ्यावा आणि तेथे तो टाचावा. नेहमीची साडीची सेफ्टी पीन लावून पाहावी. पहिल्याच खेपेला पीन वाकते किंवा तिचे तोंड उघडते, कारण दुमडलेल्या जॅकार्ड चादरीचे चार पदर आणि त्यांच्याखाली लटकणारे सगळे वजन तिला पेलत नाही. आता तेथे दाभण खुपसून पाहावे. दाभण आरपार जाते, पदर धरून ठेवते, पण चालताना हळूहळू सरकून निघू लागते. दाभणाच्या वरच्या टोकाला गोळा असता तर ते निसटले नसते, हे खांद्यावर हात ठेवून चालताना आपोआप लक्षात येते. ग्रीक टाचण्यांच्या माथ्याजवळ असलेला फुगीर गोळा आणि त्यावरची चकती यांचा जन्म असा गरजेतून झाला. तोच गोळा पुढे मोठा, नक्षीदार आणि लोकांनी पाहावा असा होत गेला. आमच्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा चादरीला पडलेली दोन भोके पाहून आईने जे ऐकवले ते येथे देत नाही. जुनी चादर घेतलेली बरी.

टाचणीशिवाय दुसरा प्रकार म्हणजे फिब्युला. हा आकडा म्हणजे आपल्या सेफ्टी पिनेचा पूर्वज. आजच्या सेफ्टी पिनेचे पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली घेतले, पण एकाच तारेला पीळ देऊन टोक पन्हाळीत अडकवण्याची युक्ती ग्रीक भूमीत त्याआधी तीन हजारांहून अधिक वर्षे रूढ होती. फिब्युला पाहताना चार अवयव वेगळे ओळखावेत : वर कमानीसारखी पाठ, एका टोकाला स्प्रिंगचा पीळ, त्यातून निघालेली सुई, आणि सुईचे टोक धरणारी पट्टी. कापड धरण्याचे काम सुई आणि पीळ करतात. प्रतिष्ठा दाखवण्याचे काम कमान आणि पट्टी करतात. एखाद्या फिब्युलात सुई जेमतेम असून पट्टी तळहाताएवढी असेल, तर करणाऱ्याने धातू कोठे खर्च केला आणि घालणारीला लोकांनी काय पाहावे असे वाटत होते, हे एका नजरेत समजते.

टाचणीचे सामाजिक वजन किती होते याची एक गोष्ट प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगून ठेवली आहे. अथेन्सची एजिना बेटावरची स्वारी फसली आणि एकच माणूस जिवंत परतला. मेलेल्या सैनिकांच्या बायकांनी त्याला घेरले आणि आपापल्या वस्त्राच्या टाचण्या काढून त्याला टोचत "माझा नवरा कोठे आहे?" असे प्रत्येकीने विचारले, तो त्यातच मेला. त्यानंतर अथेन्सकरांनी बायकांचा पोशाख बदलून टाचणी न लागणारे तागाचे (लिननचे) आयोनियन, म्हणजे आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या ग्रीकांचे, वस्त्र आणले, तर अर्गोस नगर आणि एजिना यांच्या लोकांनी चिडून आपल्या टाचण्या दीडपट लांब केल्या आणि त्या देवळात वाहायचा नियम केला. गोष्ट किती खरी हा प्रश्न वेगळा. पण टाचणीची लांबी हा दोन नगरांमधला मानापमानाचा विषय होऊ शकतो, हे ऐकणाऱ्याला पटत होते, एवढे तीवरून निश्चित कळते. दाभण हातात घेऊन ही गोष्ट पुन्हा वाचावी.

मोडीचा हिशेब

आता वजनकाटा पुढे ओढावा. संग्रहालयाच्या नोंदीत वस्तूचे वजन दिले असेल तर तेवढ्या वजनाची तांब्या-पितळेची वस्तू, चमचा म्हणा, पळी म्हणा, हातात धरावी. वजन दिले नसेल तर लांबी आणि जाडी पाहून अंदाज घ्यावा. नुसत्या छायाचित्रावर भरवसा ठेवू नये, कारण छायाचित्रात दोन इंचांचा आकडा आणि सात इंचांचा आकडा सारखेच दिसतात. मापाची पट्टी छायाचित्रात कोठे आहे हे शोधणे ही पहिली सवय लावून घ्यावी.

वजनाला महत्त्व का, हे कथिलामुळे कळते. ग्रीसमध्ये कथील मिळत नव्हते; ते समुद्रमार्गाने दुरून आणावे लागे. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरुन येथे १९८२ साली सापडलेल्या, इ.स.पू. १४व्या शतकाच्या अखेरीच्या बुडालेल्या जहाजात सुमारे १० टन तांबे आणि सुमारे १ टन कथील होते, म्हणजे जणू तयार काशाचे प्रमाणच मोजून भरले होते. त्यानंतर शतक-दीड शतकात मायसिनीचे, म्हणजे कांस्ययुगातल्या ग्रीकांचे, राजवाडे कोसळले आणि हा व्यापार विस्कळीत झाला. पुढच्या काळात, इ.स.पू. १०५० ते ९०० च्या सुमारास, थडग्यांत एक गमतीची वस्तू वारंवार दिसते : दांडी लोखंडाची आणि माथ्याजवळचा गोळा काशाचा. उतरंडीच्या हिशेबाने पाहणारा म्हणेल की परवडत नव्हते म्हणून लोखंड वापरले. कथिलाची टंचाई हे कारण काही अभ्यासकांनी दिलेही आहे. परंतु लोखंड तेव्हा नवीन होते, त्याची घडाई अवघड होती आणि सुरुवातीच्या काळात त्याच्या अंगठ्याही केल्या जात. तेव्हा अशा टाचणीवर दोन्ही धातू दिसावेत हीच हौस असण्याचा संभव मला अधिक वाटतो. आपल्याकडे स्टील नवे होते तेव्हा लग्नात स्टीलचा संच मांडवात मांडून ठेवत आणि पितळेची घागर मोरीत जाई, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून दागिन्याच्या काळाची नोंद वाचल्याशिवाय धातूवर मत देऊ नये. मोडीचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट धरावी : कासे पुन्हा वितळवता येते. एका जड कड्यातून बाणांची अग्रे, भांड्याची मूठ किंवा नवी टाचणी होऊ शकली असती. ते कडे मृताबरोबर पुरले गेले किंवा देवीला वाहिले गेले, तेव्हा कुटुंबाने मोड सोडून दिली. दुकानदाराच्या पोराला यातली किंमत लगेच कळते. ती किंमत सोन्याच्या तुलनेत कमी असेलही, पण ज्या गावात बहुतेक थडग्यांत धातूच नाही तेथे तीच सर्वांत मोठी असते. शेजारची थडगी पाहिल्याशिवाय एका थडग्यावर बोलू नये, हा नियम त्यातून निघतो.

नग, जोडी आणि डागडुजी

खांदे दोन, म्हणून टाचण्या दोन. थडग्यात दोन सारख्या टाचण्या हाडांच्या खांद्याजवळ सापडल्या तर ते नेसण्यापुरते झाले. तिसरी, चौथी, आठवी टाचणी दिसली की तेथून प्रतिष्ठेची भाषा सुरू होते. होमरच्या ओडिसी या महाकाव्यात नायक ओडिसियसच्या बायकोला, पेनेलपीला, मागणी घालणाऱ्या अँटिनूसने तिच्यासाठी भरजरी पेप्लॉस आणवला, त्याला सोन्याच्या बारा टाचण्या होत्या. दोघींचे काम बारा जणी करत असतील तर उरलेल्या दहा बोलण्यासाठी आहेत, एवढे समजावे. त्याच काव्यात ओडिसियसच्या झग्यावरच्या सोन्याच्या आकड्यावर हरणाच्या पाडसाला धरलेला कुत्रा घडवलेला आहे आणि सगळे तो पाहून थक्क झाल्याचे वर्णन आहे. पुरुषही हे दागिने घालत, हे विसरू नये.

मोडलेल्या आणि सांधलेल्या वस्तू टाकून देऊ नयेत. काशाच्या आकड्याची सुई तुटून तेथे लोखंडी सुई बसवलेली कधीकधी दिसते. नवा घेण्याची ऐपत नव्हती असा निष्कर्ष सोपा आहे, पण आजीची पाटली झाळून घेणारे घर गरीबच असते असे नाही. वस्तू वडिलार्जित असेल तर डागडुजी हीच तिच्या मानाची खूण ठरते. लहान मुलाच्या थडग्यात मोठ्या माणसाचे दागिने निघाले तरीही असाच विचार करावा. ते मूल काही कमवून गेलेले नसते, तेव्हा मान घराण्याचा असतो. युबीआ बेटावरच्या लेफकांदी येथील दफनभूमीत मुलांची अशी संपन्न थडगी मिळाली आहेत.

श्रीमंती आणि मान यांत गल्लत करू नये

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती शिकण्यासाठी मंगळवार बाजारात तासभर उभे राहावे. तांड्यावरून आलेली एखादी वयस्क बंजारा स्त्री नीट पाहावी. कोपराच्या वर दंडाला बसलेल्या पांढऱ्या बांगड्या, केसांच्या बटांना अडकवलेली घुगरी-टोपली, काचोळीवर आरसे, कवड्या आणि जुनी नाणी. सराफाच्या काट्यावर यातले बहुतेक काही चढणार नाही. पण तिच्या समाजातला माणूस दुरून पाहून सांगतो की ही बाई लग्न झालेली आहे आणि तिचा नवरा हयात आहे. येथे दागिना पैसा सांगत नाही, स्थान सांगतो. बाजारात कोणाचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये, हे वेगळे सांगायला नको.

ही नजर घेऊन मॅसिडोनियातल्या व्हर्जिनाकडे जावे. तेथे इ.स.पू. १००० ते ७०० या काळातले तीनशेहून अधिक मातीचे ढिगारे आहेत आणि त्यांखालच्या स्त्रियांच्या थडग्यांत कासे भरभरून मिळाले : केसांतली वेटोळी, दंडावर गुंडाळलेल्या सर्पिल वाक्या, कंबरेचे मोठे बिल्ले, चष्म्यासारख्या दोन वेटोळ्यांचे आकडे. हे सगळे अंगावर चढवून भाकरी थापता येणार नाही, हे वजनकाट्यावर लगेच समजते. काही मोजक्या स्त्रियांजवळ याहून वेगळी वस्तू होती : एकावर एक बसवलेल्या तीन दुधारी कुऱ्हाडींच्या आकाराचे काशाचे चिन्ह. त्याने लाकूड तुटत नाही आणि ते कपडाही धरत नाही. ते धारण करणारी स्त्री पूजाविधीत किंवा कुळात विशेष पदावर असावी, असे अभ्यासक मानतात. अशी निरुपयोगी पण जड वस्तू थोड्याच जणींकडे असणे ही पदाची सर्वांत चांगली खूण असते. आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज कोणी पेलायचा हे जसे मानावर ठरते आणि त्या काठीचा बाजारभाव कोणी विचारत नाही, तसेच.

उलट बाजूचे उदाहरण लेफकांदीचेच घ्यावे. तेथे इ.स.पू. ९५० च्या सुमाराची, जवळजवळ ५० मीटर लांबीची एक इमारत १९८०-८१ मध्ये उजेडात आली. तिच्याखाली एका पुरुषाच्या अस्थी काशाच्या भांड्यात होत्या, शेजारी सोन्याने मढलेली स्त्री आणि बाजूच्या खड्ड्यात चार घोडे होते. स्त्रीच्या अंगावर सोने आणि पुरुषाच्या वाट्याला कासे, म्हणून पुरुष कमी मानाचा असे कोणी म्हणणार नाही. ते भांडे सायप्रसकडचे, जुने, कोरीव काठाचे होते. कासे आणि सोने तेथे एकमेकांच्या वरखाली नव्हते, ती एकाच घराची दोन बोलणी होती.

कोठे सापडला

नोंदीतला सापडल्याच्या जागेचा रकाना वस्तूच्या नावाआधी वाचावा. थडग्यातला दागिना एका व्यक्तीबद्दल बोलतो, देवस्थानातला दागिना देणाऱ्याबद्दल. इ.स.पू. आठव्या शतकात ग्रीसच्या बऱ्याच भागांत थडग्यांतला धातू कमी होत गेला आणि देवस्थानांतला वाढत गेला. पेराखोरा आणि अर्गोसजवळचे हेरा देवीचे स्थान, थेसलीतल्या फेराई येथील एनोदिया देवीचे स्थान, ऱ्होड्स बेटावरच्या लिंडोस येथील अथेना देवीचे स्थान, अशा ठिकाणी टाचण्या आणि आकडे ढिगाने निघाले. मेलेल्याबरोबर पुरलेला दागिना अंत्यविधीपुरता दिसतो, देवळात वाहिलेला चारचौघांत दिसत राहतो. ज्याने तुळजापुरात देवीच्या अंगावर घराण्याने वाहिलेला दागिना बोटाने दाखवणारी माणसे पाहिली आहेत, त्याला हा फरक लगेच उमगेल. सापडल्याची जागा नोंदलेलीच नसेल, फक्त "ग्रीस, खासगी संग्रहातून" एवढेच लिहिले असेल, तर त्या वस्तूच्या आकाराबद्दल बोलावे, पण घालणारीच्या प्रतिष्ठेबद्दल बोलू नये.

नक्षी वाचताना

बहुतेक आकड्यांवर भौमितिक रेघोट्या असतात आणि त्यांवर फार वेळ घालवू नये. बिओशिया प्रांतातले इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतले आकडे मात्र सावकाश पाहावेत. त्यांची पट्टी रुंद, पातळ आणि चौकोनी असते, आणि तिच्यावर घोडे, पक्षी, मासे, जहाजे कोरलेली असतात. रेघ भिंगातून पाहिली तर ती सरळ नसून बारीक नागमोडी दिसते, कारण हत्यार डावी-उजवीकडे डोलवत पुढे नेलेले असते. आपल्याकडे भांड्यावर नाव घालणारा माणूस ठिपक्या-ठिपक्यांनी "सप्रेम भेट" लिहितो, त्याच्या हाताची आठवण होते. इ.स.पू. ७०० च्या सुमाराच्या एका बिओशियन आकड्याच्या पट्टीवर पायांना चाके असलेला घोडा आहे आणि ट्रॉयच्या लाकडी घोड्याच्या सर्वांत जुन्या चित्रांत त्याची गणना होते. ज्या स्त्रीच्या खांद्यावर तो होता, तिला ती कथा ठाऊक होती आणि समोरच्यालाही ठाऊक असावी अशी तिची अपेक्षा होती. ही प्रतिष्ठा तराजूत येत नाही, म्हणून नोंदवहीत तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा.

वर सांगितलेले सगळे इ.स.पू. सहाव्या शतकापासून बदलते. शिवलेली आणि बटणे लावलेली तागाची वस्त्रे आली, लांब टाचणी मागे पडली. काशाच्या अंगठ्या आणि कर्णभूषणे चालू राहिली, पण सोने अधिक मुबलक झाले. काशाच्या गाभ्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेले दागिने निघू लागले, आणि इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून तर सोनेरी मुलामा दिलेले भाजक्या मातीचे दागिनेही थडग्यांत ठेवले गेले. आजच्या वन ग्रॅमच्या दुकानांतली गर्दी पाहिली की तो व्यवहार समजतो. या काळातले कासे खरोखरच सोन्याची जागा भरून काढणारे होते. उतरंडीची सवय लागली ती बहुधा येथूनच मागे ओढली गेली.

सराव कोठे करावा

सोलापूरकराला धातू आणि दागिना यांवर नजर बसवण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातले तेर जवळ आहे. जुने तगर ते हेच. ग्रीक भाषेत लिहिलेल्या पेरिप्लस या सागरी मार्गदर्शिकेत त्याचे नाव येते. तेथील लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातले मणी, बांगड्या आणि हस्तिदंती मूर्ती पाहता येतात. त्या ग्रीक नाहीत आणि आपल्या टाचण्यांहून कित्येक शतके अलीकडच्या आहेत, पण मूर्तीच्या पायातल्या जड वाळ्यांवरून तिचे स्थान कसे ठरवायचे, हा प्रश्न तोच आहे. ग्रीक वस्तूंसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा संग्रह संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. २०१७ पासून त्यातली पुष्कळ छायाचित्रे वापरण्यासही खुली आहेत. शोधताना काळ आणि धातू दोन्ही निवडावेत, नाहीतर रोमन आकड्यांचा पूर येतो.

"प्राचीन ग्रीक, अस्सल" असे सांगून ऑनलाइन विकले जाणारे आकडे विकत घेऊ नयेत. खोटे असतील तर पैसे गेले आणि खरे असतील तर बहुधा कोणाचे तरी थडगे उकरले गेले. आपल्या देशात शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, हेही ध्यानात ठेवावे.

एक थडगे पूर्ण वाचून पाहू

अथेन्सच्या अगोराजवळ, म्हणजे जुन्या बाजारचौकाजवळ, अरिओपॅगस टेकडीच्या उतारावर १९६७ साली इ.स.पू. ८५० च्या सुमाराचे एका स्त्रीचे दहन-दफन सापडले. आता ती "श्रीमंत अथेनियन स्त्री" म्हणून ओळखली जाते. नवखा वाचक थेट तिच्या सोन्याच्या कर्णभूषणांकडे जातो आणि ती सुंदर आहेतही : चौकट पट्टीवर बारीक रव्यांचे काम आणि खाली डाळिंबे लोंबणारी. आपण मात्र काशाच्या टाचण्या आणि आकड्यांपासून सुरुवात करावी. रंग सोनेरी कल्पावा. ती जड वस्त्र खांद्यावर टाचणारी होती हे लिहावे. सोने असूनही कासे वगळलेले नाही, म्हणजे घराने परवडत नाही म्हणून कासे दिले असे म्हणता येत नाही. नेसण्याची रीत काशाने पुरी होत होती आणि सोने तिच्यावर चढवलेले होते. मग फायान्स (झिलई दिलेला भाजीव पदार्थ) आणि काच यांच्या मण्यांचा हार घ्यावा, तो पूर्वेकडच्या व्यापाराकडे बोट दाखवतो. शेवटी मातीची पेटी पाहावी, जिच्या झाकणावर धान्याच्या पाच कणग्यांच्या प्रतिकृती आहेत. पुढे कायदे करणाऱ्या सोलोनच्या काळात अथेन्समधला सर्वांत वरचा वर्ग पाचशे मापे उत्पन्न असणाऱ्यांचा ठरला, आणि या पाच कणग्यांचा त्याच्याशी संबंध असावा असे काही अभ्यासकांनी सुचवले. सोलोन या स्त्रीनंतर अडीचशे वर्षांनी झाला, तेव्हा हे वाक्य नोंदवहीत पेन्सिलने लिहावे.

पेन्सिल वापरण्याचे आणखी एक कारण आहे. तिच्या अस्थी पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा त्यांत गर्भाची हाडे असल्याचे २००४ साली जाहीर झाले. त्याआधी सदतीस वर्षे या टाचण्या, आकडे, डाळिंबे आणि कणग्या एकट्या श्रीमंत स्त्रीच्या म्हणून मांडल्या जात होत्या; आता त्या पोटुशी असताना वारलेल्या बाईच्या आहेत, आणि डाळिंबांच्या ओळीसमोर माझ्या वहीत प्रश्नचिन्ह आहे.